फळीवरची छिन्नी

आमच्या दुकानात कामाबद्दल बोलायची पद्धत नाही. गप्पा भरपूर होतात. साखर कारखान्याच्या होतात, कुणाचा पोरगा मिलिटरीत भरती झाला त्याच्या होतात. पण कामाचा शब्द कुणी काढत नाही. दुकान घराच्या पुढच्या खोलीत, आणि दारातच एक लांब लाकडी फळी आहे. शेतकऱ्यानं बाजाराला जाता जाता विळा, कोयता, कुऱ्हाड, जे असेल ते फळीवर ठेवायचं आणि पुढं जायचं. फळीवर ठेवलं म्हणजे ते धारेला आलं. कुणाचं काय, ते अब्बा मुठीवरून ओळखतात. आम्ही शिकलगार, हत्यारांचा गंज काढून धार लावणं हा घरचा धंदा. 'हे काय करायचंय?' असं अब्बांनी गिऱ्हाइकाला विचारलेलं मी लहानपणापासून कधी ऐकलं नव्हतं.

मी त्या घरातली शिकलेली मुलगी, आणि हे मी कुणाला फारसं विसरू देत नसे. कराडजवळच्या आमच्या गावातच हायस्कूलमध्ये सहावीला इतिहास शिकवते. सहावीचा इतिहास म्हणजे नुसती पळापळ. माणूस आज दगडाचं हत्यार टाकतो, परवा तांब्याचं उचलतो, आठवड्याभरात हडप्पाची गटारं बांधून होतात, मौर्य येतात आणि जातात. सातवाहन आले की मी वर्गाला आगाशिवच्या डोंगरावर नेते. तिथली लेणी दाखवते, हा सगळा काळा दगड माणसांनी छिन्नी-हातोडीनं फोडलाय म्हणून सांगते. पोरं माकडं मोजत बसतात.

गेल्या वर्षी ऊसतोडीच्या दिवसांत, एका शनिवारी सकाळी, आमच्या गावचे एक रिटायर सुभेदार शाळेच्या गेटावर उभे होते. त्यांच्या नातीला मी शिकवलं होतं. नदीकाठच्या रानात पाइपलाइनची चर खणताना काळी-तांबडी खापरं निघाली होती आणि त्यांच्यात एक लोखंडाचा तुकडा. वीतभर लांब, गंजानं फुगलेला, एखाद्या वाकड्या गाजरासारखा.

"आवं बाई, ह्ये बगा," सुभेदार म्हणाले. "मशीन थांबवलंय मी. तुमी सांगस्तवर चर बुजवत न्हाई."

मी पुरातत्त्व खात्यात फोन लावला. तिकडून एक अधिकारीबाई म्हणाल्या, सोमवारी येते. वस्तू कोरडी ठेवा. धुऊ नका, पुसू नका, गंजाला तर अजिबात हात लावू नका. जुन्या लोखंडाचं बरंच काही त्या गंजातच राहिलेलं असतं. सुभेदारांच्या घरी नातवंडांचा धुडगूस, म्हणून त्यांनी तो तुकडा माझ्या स्वाधीन केला. मला केवढा अभिमान वाटला! इतकी वर्षं दुसऱ्यांचा इतिहास शिकवला, आता आमच्या गावचा सापडला होता आणि तो माझ्या हातात होता.

शनिवारची शाळा अर्धा दिवस. घरी आले तेव्हा अब्बा आत जेवत होते. माझ्या एका हातात वह्यांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात रुमालावर धरलेला तो तुकडा. तेवढ्यात गॅसवाला सिलिंडर घेऊन दारात आला. वाट मोकळी करायला मी हातातला तुकडा फळीवर ठेवला, घरात गेले, रिकामा सिलिंडर काढून दिला, आणि मग वह्या तपासत बसले.

तासाभरानं धार लावायच्या साणेचा आवाज कानावर आला. रोजचाच आवाज, पण त्या दिवशी मला फळीवर ठेवलेला तुकडा आठवला. धावत बाहेर गेले. अब्बांनी मोटर बंद केली आणि हातातली छिन्नी माझ्यासमोर धरली. हो, छिन्नीच होती ती, आता स्वच्छ दिसत होती. गंजाचा कण राहिला नव्हता आणि टोकाला धार चमकत होती.

"लय जुनं लोखंड हाय," ते खुशीत म्हणाले. "कुणी टाकली ही इतकी वर्षं अशी?"

मी त्या वेळी जे बोलले ते इथं लिहायची लाज वाटते, तरी लिहिते. मी म्हणाले, "दोन हजार वर्षं टिकलेली वस्तू तुम्ही तासाभरात मातीत घातलीत. तुम्हाला कळतंय काय त्यातलं?" अब्बांनी एकदा फळीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. दुसऱ्या दिवशी, ऐन ऊसतोडीत, त्यांनी दुकान उघडलं नाही. फळीवर कोयत्यांचा ढीग पडला.

सोमवारी सुभेदार अधिकारीबाईंना घेऊन आले. वयानं माझ्याहून लहान, पायात मातीनं भरलेले बूट. छिन्नी पाहताच त्यांचा चेहरा उतरला. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "गंज असता तर तपासता आलं असतं. आता ही नक्की किती जुनी ते खापरांवरूनच ठरवावं लागेल."

सुभेदार माझ्याकडं बघत होते. ठेव माझ्याकडं दिली होती. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "वडिलांना माहीत नव्हतं."

शब्द खोटा नव्हता, पण फळीचं नाव मी काढलं नाही.

"चूक माजी हाय," अब्बा म्हणाले. "आमच्या बाईंची न्हाई." मग त्यांनी छिन्नी हातात मागून घेतली. "पर येक सांगू का? ही धार मी नवी न्हाई काडली. त्येचाच उतार हुता गंजाखाली, त्योच धरून फुडं गेलो. आनि ह्यो मानूस डावखुरा हुता."

अधिकारीबाईंनी वही उघडली. "कशावरून?"

अब्बांनी फळीवरच्या ढिगातून आमच्या गावच्या पाथरवटाची छिन्नी काढली आणि दोन्ही शेजारी ठेवल्या. एकीच्या धारेचं उजवं टोक झिजलेलं, दुसरीचं डावं. हातोडीचे घाव खाऊन एकीचं डोकं या बाजूला कललेलं, दुसरीचं त्या बाजूला. इतकं उघड होतं की मला दिसलं कसं नाही, याचंच नवल वाटलं. लेण्यात दान देणाऱ्यांची नावं कोरलेली असतात, हे मी दर वर्षी शिकवते. ज्यानं दगड फोडला तो डावखुरा होता की उजवा, असा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

अधिकारीबाईंनी सगळं लिहून घेतलं. खात्री देता येणार नाही, असंही लिहिलं. कुणी सांगितलं म्हणून नाव विचारलं तर अब्बा म्हणाले, "माजं कशाला? त्येचं तरी कुटं ठावं हाय?"

छिन्नी खात्यात गेली, सुभेदारांची चर बुजली, रानात ऊस उभा राहिला. दुकान परत सुरू झालं, पण एक गोष्ट बदलली. अब्बा आता फळीवरची प्रत्येक वस्तू उचलण्याआधी विचारतात, "ही धारेला हाय न्हवं?" गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबत नाहीत, हाक मारून विचारतात. लोक हसतात. "काय अब्बा, मग काय पूजेला ठिवलीया व्हय?" म्हणतात. अब्बाही हसतात, आणि उत्तर मिळाल्याशिवाय हात लावत नाहीत. ते ऐकलं की वह्यांवरचं माझं लक्ष उडतं.

परवा मी माझी भाजीची विळी घेऊन बाहेर गेले. इतके महिने आज सांगू, उद्या सांगू करत ढकललेलं एकदाचं बोलून टाकलं. "अब्बा, ती छिन्नी फळीवर मी ठेवली होती. चूक माझी होती."

"मग? फळीवर काय आपल्या आपन चडती व्हय?" ते म्हणाले. "मला तवाच कळलं हुतं."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुला उद्या पोरांफुडं हुबं ऱ्हायचं असतंय बेटा."

मला रडू आलं. ते लपवायला मी विळी फळीवर ठेवली आणि आत जायला वळले.

मागून त्यांचा आवाज आला, "ही धारेला हाय न्हवं?"