खडूनं आखलेली झोपायची गाडी
वेल्डिंगचा जळका वास आला की वाशीमचं ते वर्कशॉप आठवतं. शाळा सोडून मी तिथं कामाला लागलो होतो. सोयाबीनच्या मळणीला यंत्र अन् हाताखाली एक पोरगा घेऊन गावोगाव फिरताना झोपायची सोय म्हणून तिथले मिस्त्री, ट्रॅक्टरमागं ओढायची, थेंबाच्या आकाराची छोटी गाडी बनवणार होते. फरशीवर ती खडूनं आखून त्यांनी मला मापासाठी आत झोपवलं. मावलो नाही तर दुसऱ्याला नेतील, या धाकानं मी गुडघे पोटाशी घेतले. “अबे, मुटकुळं करून कायले पडून राह्यला? सीझनभर असाच झोपशील का? पाय लांब कर!” पाय रेघेबाहेर गेले. त्यांनी चपलेनं रेघ पुसली अन् माझ्या टाचांपलीकडं नवी ओढली. गाडी बनवायची राहूनच गेली. पण आता परमुलखात, कामाची पाळी संपवून दमून पाय लांब करून आडवा होतो, तेव्हा त्या माणसाला मनातल्या मनात हात जोडतो.