सगळं धरून, वाढणं सोडून

सिल्व्हर पार्कमधल्या उर्मिला मयेकरला जेवू घालताना सगळ्यांनी पाहिलं होतं. जेवताना कुणीच नाही. सोसायटीत सत्यनारायण असो, कुणाचं बारसं असो, वरणाचं भांडं आपोआप तिच्या हातात यायचं. "उर्मिलावहिनी आहेत ना? मग वाढायची काळजी नको." लोक हे कौतुकानं म्हणायचे, आणि तीही कौतुक म्हणूनच ऐकून घ्यायची.

घरी तर विचारूच नका. परळची खोली विकून मयेकर मीरा रोडला आले, तेव्हा तिच्या नवऱ्यानं, गुणवंतनं, हौसेनं डायनिंग टेबल घेतलं. त्यातली उर्मिलाची खुर्ची धुतलेले कपडे ठेवायच्या कामी आली. कारण ती टेकली रे टेकली की हाक यायचीच. "आई, मीठ!" "अगं, लोणचं दिसत नाहीये कुठे." "सूनबाई, एखादी मऊ पोळी आहे का?" सगळ्यांचं आटपलं की ती ओट्याशी उभ्या उभ्या उरकून घ्यायची. तिच्या आमटीचं नाव सगळ्या बिल्डिंगमध्ये होतं. पण ती आमटी गरम असताना कशी लागते, हे तिला ऐकूनच ठाऊक होतं.

अशात त्यांनी भाईंदर पश्चिमेच्या एका दुकानातून मिक्सर घेतला आणि दुकानाच्या लकी ड्रॉमध्ये मयेकरांचं नाव निघालं. बक्षीस काय? उत्तनच्या किनाऱ्यावरच्या 'कोकोनट स्वर्ग' रिसॉर्टमध्ये नवरा-बायकोचा मुक्काम, सगळं धरून. गुणवंत विमा कंपनीत होता. अटी वाचल्याशिवाय तो तीर्थप्रसादही घेत नसे. त्यानं पत्रक उलटसुलट वाचलं.

"ऑल इन्क्लुसिव्ह," तो म्हणाला. "म्हणजे राहणं, खाणं, पिणं, पोहणं, झोपाळा, सूर्यास्त. सगळं त्यात आलं."

"सूर्यास्तपण?"

"लिहिलंय तसं."

"आणि मी काय करायचं?"

"काही नाही. बसायचं नुसतं."

उर्मिला पोळी लाटायची थांबली. बसायचं. तव्यावरची पोळी करपायला लागली तेव्हा ती भानावर आली, पण तोवर तिचं ठरलं होतं. तिला पोहायचं नव्हतं, झोपाळा नको होता, सूर्य काय सिल्व्हर पार्कातही मावळायचा. तिला हवं होतं एक जेवण. कुणीतरी वाढलेलं, गरम, आणि पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत एकदाही न उठता जेवलेलं. माणसं काशीयात्रेचा नवस बोलतात, हिनं बसून जेवायचा बोलला. सांगितला मात्र कुणालाच नाही.

'कोकोनट स्वर्ग'च्या दारात सिमेंटचे दोन माड होते आणि आत खरे. खऱ्या माडांचे नारळ पाहुण्यांच्या डोक्यात पडू नयेत म्हणून काढून टाकले होते. मग माड बोडके दिसायला लागले, म्हणून त्यांना प्लास्टिकचे नारळ बांधले होते.

"खऱ्या झाडाला खोटे नारळ?" उर्मिला म्हणाली.

"सेफ्टी, भाभीजी!" मॅनेजर चंदन टाय सारखा करत म्हणाला. "स्वर्गात कुणाला लागलं नाय पाहिजे."

गुणवंतनं या प्रसंगासाठी खास पोपटांचा शर्ट आणला होता. छापलेले पोपट, हिरवे, चोची लाल. आल्या आल्या त्यानं निळं सरबत मागवलं. मग आणखी एक. मग जीभ निळी झाली तरी आणखी एक.

"अहो, पुरे की. पोट बिघडेल."

"इन्क्लुसिव्ह आहे गं."

"पोट बिघडणंपण?"

दुपारी उर्मिला सगळ्यांच्या आधी भोजनगृहात पोचली. हात धुतले. कोपऱ्यातली, समुद्र दिसेल अशी खुर्ची निवडली, पदर सावरला आणि ताट यायची वाट बघत बसली. बराच वेळ झाला. लोक येत होते, पलीकडच्या लांब टेबलापाशी रांग लावत होते. शेवटी गुणवंत स्वतःची भरलेली प्लेट घेऊन आला.

"अगं, बसलीयस काय? ऊठ. घ्यायचं असतं."

"कुणी वाढणार नाही?"

"बुफे आहे. आपलं आपण."

"मग ऑल इन्क्लुसिव्ह काय आहे?"

"जेवण."

"आणि वाढणं?"

गुणवंतनं खिशातलं पत्रक काढून खरंच वाचून बघितलं. "त्याचा उल्लेख नाही," तो म्हणाला.

उर्मिला उठली. नवस असा पहिल्याच पंगतीला मोडला. त्यातून टेबलापाशी एक थरथरत्या हातांचे आजोबा भाताशी झटापट करत होते. तिनं सहज डाव घेतला, त्यांना भात वाढला, वर वरण घातलं. मागच्या बाईंनी प्लेट पुढे केली. त्यांनाही वाढलं. त्यांच्या मागच्यानं म्हटलं, "भाभी, थोडा पनीर." आता हात थांबतो होय! बघता बघता उर्मिला टेबलाच्या पलीकडे उभी, पदर खोचलेला, आणि समोर अख्खी रांग. रांग संपली तेव्हा भांड्यांत गार फ्लॉवर उरला होता, आणि चंदन तिला न ओळखता तिच्याकडे अत्यंत समाधानानं बघत होता.

"क्या हात है! आजपासून ड्यूटी काय तुमची? युनिफॉर्म नाय मिळाला?"

"मी पाहुणी आहे," उर्मिला म्हणाली आणि गार फ्लॉवर खाल्ला. उभ्यानंच.

संध्याकाळी गुणवंत बनियनवर पोहून आला आणि त्यांनी इन्क्लुसिव्ह सूर्यास्त पाहिला. तो फार सुंदर झाला म्हणतात. उर्मिलाचं लक्ष नव्हतं. ती ओठ घट्ट आवळून बसली होती.

रात्रीच्या जेवणाला ती पुन्हा त्याच खुर्चीवर बसली.

"चल, रांग लागायच्या आधी—"

"मी उठणार नाही."

"पाय दुखतायत?"

"नाही."

"मग?"

"मी बसून जेवणार आहे. वाढलं तर."

गुणवंतनं इकडेतिकडे पाहिलं. "उर्मिला, लोक बघतायत."

"बघू दे. मला जेवताना कुणी पाहिलंच नाहीये."

चंदन धावत आला. "काय प्रॉब्लेम?"

"ह्यांना वाढून हवंय," गुणवंत खालच्या आवाजात म्हणाला, जसं काही बायकोला ताप भरलाय.

"पण तसा रूल नाय, भाभीजी. बुफे म्हणजे स्वातंत्र्य! जे पाहिजे, जेवढं पाहिजे, तुम्ही स्वतः!"

"मला स्वातंत्र्य नको. मला वरण-भात हवाय."

शेजारच्या टेबलावर भाईंदरच्या हंसाबेन बसल्या होत्या, हातात रिकामी प्लेट घेऊन रांगेत जायच्या बेतात. त्यांनी विचारलं, "काय झाला, बेन? तबियत ठीक नाय?"

"तब्येत छान आहे. मला फक्त कुणीतरी वाढायला हवंय."

हंसाबेननी आपल्या हातातल्या प्लेटकडे पाहिलं. मग ती टेबलावर ठेवली आणि उर्मिलाच्या शेजारची खुर्ची ओढून धपकन बसल्या. "मने पण," त्या म्हणाल्या. "मला पण कोण नाय देत घरी."

पलीकडून एक बाई उठल्या, येऊन बसल्या. मग त्यांची नणंद. दुपारचे आजोबा "मग मीही बसतो" म्हणत बसले. कुणी टेबलं जोडली. रांगेतले पुरुष काही वेळ प्लेटा धरून उभे राहिले आणि मग, सगळेच बसलेत तर आपण काय वेडे, म्हणून बसले. समोर गरमागरम भांड्यांवरून वाफा निघत होत्या आणि सबंध भोजनगृहात उभे फक्त दोघं होते: चंदन आणि गुणवंत.

"मी हॉटेल मॅनेजमेंट केलंय," चंदन रडकुंडीला येऊन म्हणाला. "तिथे वाढायला नाय शिकवत. लोक आपापलं घेतात असंच शिकवतात!"

"तुम्ही बसा मग," उर्मिला म्हणाली. चंदन बसला. त्यालाही भूक लागली होती.

आता सगळे गुणवंतकडे बघायला लागले. गुणवंतनं आयुष्यात फक्त हप्त्यांची स्मरणपत्रं वाटली होती. तो टेबलापाशी गेला. परत आला तो एका हातात पापड आणि दुसऱ्या हातात थरथरणारी लाल जेली घेऊन.

"हे काय?"

"सुरुवात."

"जेलीनं?"

"मग कशानं?"

"आधी मीठ, अहो. ताटात वर, मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी. मग भात. भाताची मूद. मूद म्हणजे... वाटी उपडी करा!"

गुणवंतनं वाटी उपडी केली. ती रिकामी होती. हंसाबेन इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या खेपेला मूद पडली. वाकडी, पण पडली. तिच्यावर वरण आलं. थोडं उर्मिलाच्या मनगटावर सांडलं, आणि ते चक्क भाजलं. तिनं मनगट झटकलं नाही. इतकं गरम!

"ओ पोपटवाले, इकडे वरण!" आजोबा ओरडले.

"पोपटभाई, पापड!"

"आलो, आलो!" गुणवंत पळत सुटला. शर्टावरचे पोपट घामानं पाठीला चिकटले होते.

उर्मिलानं पहिला घास घेतला. वरणात मीठ कमी होतं, तांदूळ जरा जास्त शिजलेला. तिनं डोळे मिटले. दुसरा घास घेतला. तेवढ्यात खोलीच्या पार टोकाकडून, अगदी ओळखीच्या, अगदी घरच्या सुरात हाक आली:

"अगं उर्मिला, तूप कुठे ठेवलंय?"

काय सांगावं! उर्मिलाचे गुडघे तिला न विचारता सरळ झाले. उजवा हात ताटात, डावा टेबलावर रेटलेला, खुर्ची बोटभर मागे सरकलेली. अख्खी पंगत बघायला लागली. हंसाबेननी तिचा पदर पकडला. "बेस, बेन. बसून राहा ने!"

उर्मिला तशीच अर्धवट थांबली. तूप कुठे असेल ते तिला कळत होतं. अशा जागी ते नेहमी पोळ्यांच्या डब्यामागे असतं. ती गेली असती तर मिनिटभरात मिळालं असतं.

ती खाली बसली.

"शोधा," ती म्हणाली.

"दिसत नाहीये गं!"

"मलाही इथून दिसत नाहीये."

झाकणं आपटल्याचे आवाज आले. एक चमचा पडला, मग एक बाई "त्यात कढी आहे, भाऊ" म्हणाल्या. उर्मिला जेवत राहिली. शेवटी गुणवंत तुपाचं भांडं दोन्ही हातांत धरून आला, विजयी वीरासारखा, आणि तिच्या भातावर धार धरली.

"बास?"

"आणखी."

"कोलेस्टेरॉल—"

"इन्क्लुसिव्ह आहे," उर्मिला म्हणाली.

त्यानं आणखी घातलं. मग बाजूला उभा राहून, भुकेनं कासावीस होत, तिच्याकडे बघत राहिला. ती सावकाश जेवत होती. तिनं सावकाश जेवलेलं त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. घास ती जरा मोठाच घ्यायची, हे त्याला आज कळलं.

"झालं का गं तुझं?"

"नाही अजून," ती म्हणाली. "ताक आहे का बघा."

तो बघायला गेला.