पाहुण्यांनी दळलेलं पीठ

चिखलदऱ्याजवळच्या एका डोंगरी गावानं वेशीवर ‘वारसा गाव’ असा फलक लावला आणि आम्ही शहाणे तिथं जात्याचा अनुभव घ्यायला गेलो. जात्यापाशी एक म्हातारी पान चघळत बसली होती. मी फोटोपुरतं जातं फिरवलं, तर तिनं हातावर फटकाच मारला.

“रिकामं जातं फिरवू नाई, बापा!” म्हणत तिनं मूठभर ज्वारी टाकली. मग टाकतच राहिली. आमच्या पाळीपाळीनं सेल्फ्या झाल्या, तिचं आठवड्याचं दळण झालं.

“आजी, तुम्ही नाही दळत?” तळहाताच्या फोडांवर फुंकर घालत मी विचारलं.

“मी दळत होती तवा लोक याले गरिबी म्हनत,” डब्यात पीठ भरत ती म्हणाली. “आता तुमी दळून राहिले, त वारसा झाला.”