कैद्यांच्या मॅचचे दिग्दर्शक

चेणे गावात युद्धकैद्यांच्या फुटबॉलवरच्या सिनेमाचं शूटिंग होतं. कॉलेजच्या संघात गोलकीपर होतो, एवढ्यावरच मला कैद्यांचा गोलकीपर म्हणून घेतलं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला. तिथल्या खेळाचाही असा उपयोग होईल, असं कधी वाटलं नव्हतं.

दिग्दर्शक सत्तरी ओलांडलेले. मैदानात उतरताना चपला बाहेर काढायचे आणि प्रत्येक शॉटआधी गवतावर पालथे पडून बॉलकडे बघायचे.

शेवटच्या शॉटमध्ये पहारेकऱ्यांच्या संघाचा गोल व्हायला हवा होता. पहिल्या दोन्ही वेळा मी बॉल अडवला. हात आपोआपच गेले. तिसऱ्यांदा मुद्दाम सोडला, तर ते ओरडले, "कट! अरे, बॉलला वाट कसली करून देतोयस?" ऊन उतरत होतं. आता मला काढणार, अशी भीती वाटली.

ते जवळ आले. "हार कथेत लिहिलीय बाळा, तू नको हरूस. जीव तोडून अडव. गोल मारणं समोरच्याचं काम."

मग मी स्वतःला झोकून दिलं. बॉल बोटांना चाटून जाळ्यात गेला आणि मी रागाने जमिनीवर मुठी आपटल्या.

"ओके! हाच माझा कैदी!" ते दोन्ही हात उंचावून धावत आले.

"सर, अजून एक मारायला सांगा ना, अडवतो!"

"कॅमेरा बंद झालाय रे."

"असू दे ना, सर."

त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बॉल स्वतःच जागेवर ठेवला.