मुकादमांची पाण्याची खाण

पुण्याच्या एका विचार परिषदेसाठी वक्ते निवडणाऱ्या प्राध्यापकाने आमच्या मुकादमांना फसवलं. त्यांची कल्पना घेतली आणि त्यांना बोलू दिलं नाही. मी हे रागात लिहितो आहे, पण खोटं लिहीत नाही.

मुकादम रत्नागिरीजवळच्या माझ्या चिरेखाणीवर होते. मी टिकाव मारता मारता मालक झालो, पण दगड कळला तो त्यांच्यामुळे. कातळावर तळवा टेकून ते डोळे मिटत आणि म्हणत, "हितं मारू नका, खाली पोकळ हाय." उभ्या कड्याखाली बसून निवांत भाकरी खाणारा हा माणूस कागदाला मात्र भ्यायचा. ग्रामपंचायतीची साधी नोटीस आली तरी दोघांकडून वाचून घेई.

आमच्याकडे एवढा पाऊस, पण चिऱ्याचा दगड पाणी धरत नाही; चैत्रात बायका हंडे घेऊन मैलभर चालत. मुकादमांनी दगड संपून सोडलेली एक खाण चिऱ्याखालच्या पांढऱ्या चिकण मातीने तळापासून लिंपली आणि ती घट्ट बसावी म्हणून ओल्या मातीवर आठ दिवस म्हशी फिरवल्या.

"माझी माणसं म्हशींमागे लावता?" मी ओरडलो.

"शेट, वैशाखात वरडा."

पुढच्या वैशाखात त्या खाणीत कमरेएवढं पाणी होतं.

ती परिषद सबंध राज्यातून फक्त बारा वक्ते घेई. वर्तमानपत्रात वाचून मीच हट्ट धरला. मुकादमांना हवं होतं ते एवढंच, की गावोगावच्या सोडलेल्या खाणींत पाणी साठावं. पण अर्जाचं नाव काढताच ते उठून चालू लागले; मी हाताला धरून बसवलं. मी लिहीत होतो, ते सांगत होते. मातीचं प्रमाण आलं तसे ते थांबले.

"शेट, समदा लिवलात तर मंग मी तितं बोलायचा काय?"

"मुकादम, धंदा मला शिकवू नका. नमुना चांगला दाखवला की गिऱ्हाईक पुढचं विचारतं."

आयुष्यभर घासाघीस केलेला मी, आणि सगळा माल नमुना म्हणून पाठवून दिला. सोबत खाणीचा नकाशाही, माझ्या हाताने काढलेला.

प्राध्यापक चाचणी घ्यायला स्वतः आले. मुकादमांनी त्यांना खाणीत उतरवलं, माती मळून दाखवली. मग विश्रामगृहात दहा मिनिटं बोलायचं होतं. मुकादमांनी टेबलावर दोन्ही तळवे टेकले. शर्ट पाठीला चिकटला होता. दहातली चारच मिनिटं बोलले, पण नेमकं बोलले. प्राध्यापक हसून म्हणाले, "छान. कळवतो."

त्यानंतर पोस्टमनची सायकल दिसली की मुकादम खाणीत उतरत. पत्र आलं: विषय चांगला, भाषा व्यासपीठाला साजेशी नाही. दोन महिन्यांनी परिषदेची पुस्तिका हाती पडली. त्यात सोडलेल्या चिरेखाणींतल्या पाण्यावर भाषण होतं प्राध्यापकांचं, आणि नकाशा माझा. मुकादमांचं नाव कुठेच नव्हतं.

मी दोन पत्रं लिहिली. उत्तर नाही. मुकादम चिडतील असं वाटलं होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "आता मी कुनाला सांगितला, तर चोरी व्हईल काय?"

मी समजावलं, शिव्या दिल्या, काही उपयोग झाला नाही. त्यांना खरोखरच पोलिसांची भीती वाटत होती. लांज्याहून माणसं आली, खाण लिंपून द्या म्हणाली. मुकादमांनी हात जोडले. "ता पुन्याच्या सायबाचा हाय." माणसं परत गेली. पुढे पाच वर्षांनी मुकादम गेले. तोवर त्यांनी दुसरी खाण लिंपली नाही.

सगळं लिहून पाठवायचा हट्ट माझा होता, तो दोष मी घेतो. प्राध्यापक, तुम्ही अजून सभांना जाता असं ऐकतो. लांज्याची ती माणसं रिकाम्या हाताने परत गेली, त्याचा जाब तुम्ही द्या. लेखी द्या, सहीनिशी.