स्पीकर वाजला की बोट बंदरात

"हात लावू नकोस! प्लगाला हात लावलास तर संगमेश्वरापर्यंत चालत घालवीन तुला!"

ओरडणारा मी. प्लगाशी वाकलेला माझा मेव्हणा, संगमेश्वराहून सकाळच्या गाडीने आलेला. आणि ओटीवर, माजघरात, स्वयंपाकघरात, पडवीत असे चार स्पीकर एकदम शिमग्याचे ढोल बडवत होते. आवाज असा, की परसातल्या माडावरून दोन शहाळी खाली आली. बरं, एक तरी आलंच.

"भावोजी, कान गेला माझा!"

"जाऊ दे. दुसरा आहे ना? पोरगा बंदराला लागलाय!"

बायको विळीवर नारळ खवत होती. तिने मान वर केली नाही.

आमचा पोरगा मालवाहू बोटीवर. गेल्या शिमग्याला सुट्टीवर आला तो चार स्पीकर आणि एक दांडगा टीव्ही घेऊन. सगळे बिनवायरचे, आपसांत बोलणारे. आमच्या घरात कोणी आपसांत बोलतं याचंच मला अप्रूप. या सगळ्यांचा ताबा एका फोनवर. फोन त्याच्या खिशात. माझ्याही फोनवर घालून देणार होता, पण निघायच्या आदल्या दिवशी गावची पालखी आमच्या खळ्यात आली. तिचे ढोल त्याने फोनवर टिपले, चारी स्पीकरांवर लावून बघितले, आणि त्या नादात माझं राहिलंच. त्या ढोलांच्या मधेच त्याचा आवाज येतो, "आये, नारळ घेऊन ये गो!" मग पुन्हा ढोल.

तो गेला आणि महिन्याभराने एका दुपारी चारी स्पीकर आपोआप सुरू झाले. मी ताडकन उठलो. ताबा ज्याच्या खिशात, वाजवणारा तोच. भर समुद्रात त्याला नेट नाही. म्हणजे बोट बंदराला लागली! कुठल्याही कोर्टात टिकेल असा हिशेब. भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि दर वाजण्याला एक टाचणी टोचू लागलो. बंदर कुठलं ते मीच ठरवायचो. एकदा त्याला स्वित्झर्लंडात लावला. तिथे समुद्र नाही हे मागाहून कळलं, पण टाचणी मी काढली नाही. वाडीत पारावर जाऊन सांगायचो, "आज आफ्रिकेतून ढोल वाजवलान!" लोक माना डोलवायचे. लोट्याच्या एमआयडीसीत, कारखान्यात तीस वर्षं पाळ्या केलेला माणूस खोटं कशाला बोलेल?

त्याचा फोन यायचा, नाही असं नाही. तीन आठवड्यांनी, दोन मिनिटं. त्यातली पावणेदोन "जेवलास का" आणि "बारीक झालास" यात जायची. उरल्या पाव मिनिटात मी नुसता खाकरायचो.

घोटाळा झाला टीव्हीने. चित्र माजघरात आणि आवाज पडवीतल्या स्पीकरवर. मालिकेतली सून माजघरात रडे, तिचा हुंदका पडवीत चपलांपाशी ऐकू येई. बायकोने महिनाभर सोसलं आणि रत्नागिरीहून माणूस बोलावलान.

पोरगेलासा, चटपटीत इसम. फोनवर चार बोटं फिरवली आणि म्हणाला, "काका, सगळं मुलाच्या नावावर आहे. पुसून तुमच्या फोनला जोडतो. मुलाचा फोन निघेल यातून."

"निघेल म्हणजे?"

"म्हणजे त्याला इथलं काही चालवता येणार नाही."

"मग राहू दे. बंदराला लागला की तो वाजवतो."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या टाचण्यांकडे. उठून ओटीवर गेला. इन्व्हर्टरचं बटण पाडलं, मेन स्विच पाडला. पंखा थांबला. पाठीमागची खाडी ऐकू येऊ लागली. मग दोन्ही वर केले.

मिनिटभर काही नाही. आणि ढोल. चारी खोल्यांत ढोल.

"लाईट फार वेळ गेली, इन्व्हर्टर उतरला, की हे बंद पडतात," तो ओरडून सांगत होता. "परत आली की शेवटचं लागलेलं पुन्हा सुरू. तसं सेटिंगच आहे, काका."

"आये, नारळ घेऊन ये गो!" पोरगा ओरडला. खळ्यातून नाही, बंदरातून नाही. आमच्याच भिंतीतून.

मी आयुष्यात पुष्कळ थापा मारल्या. वाघाला छत्रीने हुसकावल्याची तर इतक्या वेळा सांगितली, की मला तो वाघ आता ओळखीचा वाटतो. पण ही एक थाप कोणीतरी मला मारली होती, आणि मारणारा कोणी नव्हताच. नकाशावर अकरा टाचण्या. अकरा वेळा नुसती लाईट आली होती.

त्या माणसाला चहा पाजला. "काही पुसू नकोस," म्हटलं. तो टीव्हीचा आवाज तेवढा माजघरात आणून देऊन गेला.

उरला प्रश्न बायकोचा. ती मागीलदारी कपडे वाळत घालत होती. काहीतरी रचावं म्हणून दोन फेऱ्या मारल्या. बोटीवरचा टॉवर पडला, कंपनीने फोन काढून घेतले, एकाहून एक सरस. तोंडातून मात्र सरळच आलं. "अगो, ते ढोल तो लावत नाही. लाईट जाऊन आली की आपसूक लागतात."

तिने चादर झटकली, दोरीवर टाकली, टोकं जुळवली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "तुम्ही बाजारात गेलात की मीच पाडते आणि वर करते ती दोन्ही बटणं."