समुद्राची मोजणी आणि कपड्यांची दोरी

गोवा घटकराज्य झाल्याच्या पुढल्या वर्षी, पावसाळा संपल्यावर, मोरजीचा समुद्र जागचा हलला नसल्याचे सरकारी मोजणीत आढळले. मी तेव्हा पेडण्याचा वार्ताहर होतो आणि मोजणीला हजर होतो.

आदल्या उन्हाळ्यात मोजणीच्या साहेबांनी किनाऱ्यावर लाल खुंटी ठोकली होती. तिच्यापासून भरतीच्या रेषेपर्यंत फीत धरायची. अंतर घटले तर समुद्र आत आला, अशी पद्धत. अंतर घटले नव्हते. मात्र मागच्या मांगराची, म्हणजे होडी आणि जाळी ठेवायच्या खोपीची, पुढची भिंत पडली होती. किनारा खचल्याचे मोजणीत दिसले तरच तिथे दगडी बांध मिळणार होता. नाहीतर पुढल्या पावसात मांगर जाणार, असे त्याचे मालक, किनाऱ्यावरून रापण, म्हणजे मोठे जाळे, ओढणारे एक म्हातारे रापणकार, येईल त्याला सांगत होते.

"काका, खुंटी कोणी हलवली?" साहेबांनी विचारले.

"मीच. पाणी इला की उपटतंय आणि मागे ठोकतंय," काका अभिमानाने म्हणाले. "सरकाराची वस्तू व्हावान जावक दिवची?"

"आपलो माड व्हावान गेलो तेवा जाग्यावरसून उठले नाय," दारातून काकी म्हणाल्या. "खुंटीक मात्र धावत गेले!"

साहेब दोन पावले मागे सरले आणि ओल्या साडीत अडकले. काकींनी कपडे वाळत घालायची दोरी मांगराच्या खांबापासून खुंटीपर्यंत बांधली होती. खुंटी मागे आली की उरलेली दोरी त्या खांबाला गुंडाळत. खांबावर आता जाड वेटोळे झाले होते. साहेब साडीतून बाहेर आले आणि ते बघत राहिले.

"ही दोरी पहिल्यापासूनचीच?"

"मगे! दर खेपेक नवी आणू?"

दोरी उलगडण्यात आली. टोक धरून काका खुंटीच्या मूळ जागेकडे निघाले. दोरी ताणली गेली तेव्हा पाणी त्यांच्या छातीला लागत होते.

"काका, हलू नका!"

"माका नको, लाटेक सांगा!"

"साडी भिजयतास!" काकी ओरडल्या. साडी दोरीवरच होती.

साहेबांनी खांबापासून भरतीच्या रेषेपर्यंत मोजले, दोरीची लांबी आणि खुंटीचे जुने अंतर यांच्या बेरजेशी ताडले आणि किनारा खचल्याची नोंद केली.

पुढल्या पावसाळ्याआधी मांगरासमोर बांध झाला. दोरी पुरावा म्हणून पणजीला नेली होती. बांध पुरा झाला त्या दिवशी ती परत आलेली नव्हती.